पाँझीच्या कचेरीत नेमकं काय घडलं?

'पाँझी स्कीम' हा शब्द आता आपल्याकडे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला कळतो. नव्या ठेवीदाराचे पैसे जुन्याला व्याज म्हणून द्यायचे, ही त्यातली मेख. ती पुन्हा समजावत नाही. चार्ल्स पाँझीच्या बॉस्टनमधल्या कचेरीमागे १९२० साली जे घडलं, ते मात्र सांगण्यासारखं आहे.

परदेशी टपालाची उत्तर-कुपनं (उत्तराच्या टपालखर्चासाठी पत्रासोबत धाडायची कुपनं) स्वस्तात घेऊन महाग विकायची, ही त्याची कल्पना. भांडवलासाठी तो हॅनोवर ट्रस्ट बँकेत दोन हजार डॉलरचं कर्ज मागायला गेला. बँकेनं सरळ नकार दिला. पुढे पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफ्याच्या आमिषानं लोकांचा पैसा असा लोटला, की काही महिन्यांतच पाँझीनं त्याच बँकेचे शेअर घेऊन तिच्यावर ताबा मिळवला!

कचेरीतलं फर्निचर उधारीचं होतं. जोसेफ डॅनियल्स या फर्निचरवाल्यानं पाँझीला दोनशे डॉलर उसनेही दिले होते. भरभराट पाहून त्यानं जुलैमध्ये धंद्यातल्या हिश्शासाठी दहा लाखांचा दावा ठोकला. दावा साफ पोकळ होता. पण काल टेबल-खुर्च्या उधारीवर घेणारा माणूस आज लक्षाधीश कसा, असं शहर विचारू लागलं ते तेव्हापासून.

हिशेब मांडला तो अर्थपत्रकार क्लॅरन्स बॅरननं. पाँझीच्या उलाढालीला सोळा कोटी कुपनं लागली असती आणि चलनात होती जेमतेम सत्तावीस हजार. घाबरलेली गर्दी पैसे मागायला आली, तर पाँझीनं रांगेत कॉफी आणि डोनट वाटले. कितीतरी जण पैसे न काढताच घरी परतले.

या साऱ्यात मला मोठा वाटतो तो विल्यम मॅकमास्टर्स. पाँझीनं त्याला प्रसिद्धीसाठी पगारावर ठेवलं होतं. काही दिवसांतच त्यानं मालकाचं दिवाळं ओळखलं आणि २ ऑगस्टला 'बॉस्टन पोस्ट' या वर्तमानपत्रात ते लिहून टाकलं. पुढच्या आठवड्यात त्याच पत्रानं पाँझीची माँट्रियलमधली चेक-बनावटीची जुनी शिक्षा छापली. दुसऱ्याच दिवशी पाँझी शरण आला. 'पोस्ट'ला १९२१ चं पुलित्झर मिळालं.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. पाँझीच्या चाळीस वर्षं आधी याच बॉस्टनमध्ये सारा हाऊ नावाच्या बाईनं एकट्या स्त्रियांना दरमहा आठ टक्के व्याजाचं आमिष दाखवून लुबाडलं होतं. ती तुरुंगातही गेली होती. तरी तिथल्याच लोकांनी पाँझीकडे रांगा लावल्या.

त्यांना अखेर डॉलरमागे सदतीस सेंट परत मिळाले, तेही वर्षानुवर्षं थांबून. तेव्हा कुणी 'दामदुपटीची स्कीम' घेऊन दारात आलं, तर आधी रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर चौकशी करा. ओळखीच्या माणसानं आणली असेल, तरीही करा.