बिनइंजिनाचं रॉकेट

विमानातून रॉकेट आणता येतं, त्याचं इंजिन आणता येत नाही. इंजिनात ठासलेली दारू असते आणि प्रवाशाच्या सामानात ती चालत नाही. म्हणून जूनच्या सुट्टीत टेक्सासहून आलेल्या माझ्या नातवाच्या बॅगेतून जे खोकं निघालं, त्यात रॉकेटचं सगळं होतं, आग तेवढी नव्हती. बारा वर्षांच्या पोराला याचं वाईट वाटलं. मला बरं वाटलं. आग नाही म्हटल्यावर उडवायची घाई नाही, आणि घाई नसली की काम नीट होतं.

मी पॅटर्नमेकर. घर कोल्हापूरच्या राजारामपुरीत, काम शेजारच्या शिवाजी उद्यमनगरात. ओतीव भाग लोखंडाचा असला तरी वाळूत त्याचा साचा उठतो तो आमच्या लाकडी नमुन्यावरून. उभा जन्म अर्ध्या मिलिमीटरवरून भांडण्यात गेला. आता निवृत्त आहे, पण पुढच्या सोप्यात बाकडं, व्हाइस, रंधा, पटाश्या अजून जागच्या जागी आहेत. आमच्या भागातली गणपती मंडळं तांत्रिक देखाव्यांसाठी नावाजलेली. त्यातल्या हलत्या हातांचे आणि फिरत्या मानांचे सांधे मी पुष्कळ करून दिलेत. तेव्हा ‘आजोबा, हे जोडूया का?’ म्हटल्यावर चष्मा पुसून बसलोच.

खोक्यात काय होतं ते आधी सांगतो. जाड कागदाची फूटभर नळी, व्यास २५ मिलिमीटर. प्लॅस्टिकचं पोकळ नाक. बाल्सा लाकडाची पातळ फळी, तिच्यात पंखांचे आकार कापून ठेवलेले. इंजिन बसवायची आतली आखूड नळी, ती मोठ्या नळीत मधोमध राहावी म्हणून पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, इंजिन मागे सटकू नये म्हणून पोलादी पट्टीचा आकडा. नाक आणि नळी यांना जोडून ठेवणारी रबरी दोरी, प्लॅस्टिकचं पॅराशूट आणि बोटाएवढं एक नळकांडं. ते नळकांडं नळीला बाहेरून चिकटवायचं आणि उभ्या सळईवर ओवायचं. सुरुवातीला रॉकेटचा वेग इतका कमी असतो की पंखांना वाऱ्याचा आधार मिळत नाही. तेवढे पहिले तीन फूट ही सळई त्याला सरळ धरते.

बाल्सा मी पहिल्यांदा हातात घेतली. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं झाड. बाजारात येतं ते बहुतेक इक्वेडोरमधून. सागवानाच्या पाव वजनाचं लाकूड, नखानं खूण उठते. पण रेषा लाकडाचीच, आणि लाकडाचा कायदा तिलाही लागू. पंखाची पुढची, वारा कापणारी कड आणि लाकडाचे रेषे समांतर हवेत. रेषे आडवे गेले तर पंख पहिल्याच उतरण्यात मोडणार. फळीवर आकार कापून आलेले होते ते बरोबर होते. पुढे पोरानं स्वतःचे पंख कापले तेव्हा मात्र हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

चिकटवायला साधा फेविकॉल. झटकन धरणारा गोंद कागदाला कडक आणि ठिसूळ करतो. लाकूड-कागदाच्या जोडाला आमची जुनी रीत: दोन्ही बाजूंना पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग पुन्हा थर देऊन दाबायचं. आतली नळी सरकवताना मात्र मध्ये थांबायचं नाही. गोंद ओला असताना एका दमात जागेवर न्यायची. अर्ध्या वाटेवर श्वास घेतलात तर ती तिथंच बसली म्हणून समजा. कोल्हापूरच्या जून-जुलैत गोंद वाळायला टेक्सासच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो हे सूचनापत्रात कुठं लिहिलेलं नसतं. पंख आणि नळी यांच्या कोपऱ्यात बोटानं गोंदाची गोलाई फिरवायची. तिला तिकडं फिलेट म्हणतात, आणि कास्टिंगच्या कोपऱ्यात तडा जाऊ नये म्हणून आम्ही नमुन्याला जी गोलाई देतो तिलाही उद्यमनगरात फिलेटच म्हणतात. पोराला वाटलं, आजोबांना रॉकेटमधलं कळतं.

इथपर्यंत सगळं कागदावर लिहिल्याप्रमाणं. पण मुलं सूचनापत्राचं किती दिवस ऐकणार? त्याला पंख लहान हवे होते, क्षेपणास्त्रासारखे. मोठे पंख ‘बाळबोध’ दिसतात म्हणे. (हा शब्द माझा; त्याचा इंग्रजी होता.) मी म्हटलं, काप. जुने पंख काढून त्यानं बोटभर रुंदीचे चार पंख कापले, कडा पॉलिश पेपरनं गोल केल्या, दाराच्या चौकटीचा कोपरा धरून नळीवर सरळ रेघा मारल्या आणि चिकटवले. दिसायला झकास. मग आम्ही त्याचं वजन तोलायला बसलो आणि खरं रॉकेट तिथं सुरू झालं.

रॉकेटला दोन बिंदू असतात. बोटावर आडवं धरलं की जिथं तोल सावरतो तो वजनाचा मध्य. दुसरा वाऱ्याच्या दाबाचा मध्य: रॉकेट जरा तिरकं झालं की वारा त्याला जिथं ढकलतो असं मानता येईल तो. वजनाचा मध्य नाकाच्या बाजूला आणि दाबाचा शेपटीच्या बाजूला असला, तर वारा शेपटीला ढकलून नाक पुन्हा सरळ करतो. उलटं असलं तर तोच वारा रॉकेटला गिरकी घ्यायला लावतो. दोन्हींत निदान नळीच्या व्यासाइतकं अंतर असावं, असा या छंदातला दंडक. म्हणजे आमच्या बाबतीत २५ मिलिमीटर. दिवाळीच्या बाणाला पंख नसतात. त्याची लांब काडी हेच काम करते. अठराव्या शतकात मराठी फौजांत आणि म्हैसूरकरांकडे जे लोखंडी नळीचे बाण होते, त्यांनाही बांबू बांधलेला असायचा तो याच कारणासाठी.

दाबाचा मध्य काढायची नेमकी सूत्रं जेम्स बॅरोमन या अमेरिकी अभियंत्यानं १९६६ मध्ये मॉडेल रॉकेटवाल्यांना दिली. आज ओपनरॉकेट नावाच्या फुकट संगणक-प्रणालीत मापं भरली की उत्तर येतं. नातवानं ती लावली. मी जुन्या पद्धतीनं गेलो: रॉकेटची सावली पुठ्ठ्यावर कापायची आणि ती पट्टीच्या कडेवर तोलायची. ही रीत जरा जास्तच सावध उत्तर देते, पण चूक होते ती सुरक्षित बाजूला.

एक अडचण होती. तोल बघायचा तो इंजिन बसवून, कारण जमिनीवरून निघताना सगळ्यात जड भाग शेपटीतच असतो. इंजिन तर नाही. मग सागवानाचा १८ मिलिमीटर व्यासाचा, ७० मिलिमीटर लांबीचा गुल्ला लेथवर काढला. त्यांचं इंजिन याच मापाचं असतं. त्यात लोखंडी स्क्रू पिळून वजन वीस ग्रॅमच्या आसपास आणलं, गुजरीतल्या एका ओळखीच्या सराफाच्या काट्यावर. सोनं तोलणाऱ्या माणसानं लाकडाचा गुल्ला तोलताना एकही प्रश्न विचारला नाही, हा त्याचा मोठेपणा.

आता परीक्षा. वजनाच्या मध्यावर दोरी बांधायची, जागची हलू नये म्हणून चिकटपट्टी लावायची आणि गच्चीवर उभं राहून रॉकेट डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नाक पुढं धरून फिरलं तर पास. आमचं आडवं झालं, मग शेपूट पुढं करून फिरू लागलं. नातू गप्प. शेजारच्या गच्चीवरून एक वहिनी ‘काय ओ काका, हे काय नवीन?’ म्हणून विचारून गेल्या.

उपाय दोनच: पंख मोठे करा, नाहीतर वजन पुढं न्या. पोराला पंख सोडवेनात. मग पोलादी सळईवर खाकी कागद गोंदानं गुंडाळून १० सेंटिमीटरची जादा नळी केली आणि पुढच्या बाजूला जोडली. नाक मी शिवणीच्या लाकडाचं फिरवलं. नमुन्यांच्या कामाला शिवणीसारखं गुणी लाकूड नाही. ते वळत नाही की फाटत नाही. आतून कोरलं आणि टोकाशी ८ ग्रॅम एम-सील भरलं. पुन्हा दोरी, पुन्हा गिरक्या. या वेळी नाक वाऱ्यात घुसलं आणि घुसलेलंच राहिलं. फार वजन भरण्यातही अर्थ नसतो. नाक अति जड झालेलं रॉकेट जरा वारा सुटला की वातकुक्कुटासारखं वाऱ्याकडं तोंड करतं आणि वर जायच्या ऐवजी तिकडंच धावतं.

रंगाला पाऊस आडवा आला. दमट हवेत लॅकर मारला की पांढरट साय धरते, हे कोल्हापुरातल्या कुठल्याही पॉलिशवाल्याला विचारा. उघडीप मिळाली त्या दुपारी रंगवलं: नळीवर काळे-पांढरे चौकोन, नाक भडक नारिंगी. चौकोन शोभेचे नाहीत. रॉकेट स्वतःभोवती किती फिरतं ते चित्रफितीत मोजता यावं म्हणून मोठ्या रॉकेटांवरही तसे पट्टे असत. नारिंगी रंग गवतात सापडावं म्हणून. पॅराशूटला मध्यभागी एक भोक पाडलं. त्यानं ते जरा वेगानं उतरतं, पण वाऱ्याबरोबर दुसऱ्याच्या शेतात जात नाही. घडी घालताना टाल्कम पावडर टाकायची, म्हणजे प्लॅस्टिक चिकटत नाही.

आता त्या आगीबद्दल. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी ऑरविल कार्लाइल नावाचा चपला-बुटांचा दुकानदार होता. १९५४ मध्ये त्यानं कागदी रॉकेट आणि बदलता येणारं तयार इंजिन बनवलं. त्याचा भाऊ विमानांची मॉडेलं करायचा, त्याला प्रात्यक्षिकाला हवं होतं. १९५७ मध्ये कार्लाइलनं ते हॅरी स्टाइन या क्षेपणास्त्र-तळावर काम केलेल्या लेखकाला पाठवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्पुटनिक उडाला आणि अमेरिकेतली पोरं घरात रसायनं कालवून पाइपांत ठासू लागली; बोटं गेली, डोळे गेले. तयार इंजिनाचं मोल तेव्हा कळलं. ती भराभर करता यावीत म्हणून व्हर्न एस्टीस यानं ‘मेबल’ नावाचं यंत्र बांधलं, ते दर साडेपाच सेकंदांना एक इंजिन ठासायचं. मुलाच्या हाताला दारू लागतच नाही, ही या छंदाची सगळी पुण्याई.

त्या कागदी इंजिनावर ‘बी६-४’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. अक्षर म्हणजे एकूण जोर. पुढच्या अक्षराला दुप्पट. सहा म्हणजे सरासरी रेटा सहा न्यूटन. चार म्हणजे जळण संपल्यावर चार सेकंद थांबायचं. तेवढ्या वेळात रॉकेट नुसत्या वेगावर चढतं, मग पुढच्या टोकाला छोटा बार होऊन नाक उडतं आणि पॅराशूट बाहेर पडतं. बत्ती विजेची, माणसं पाच मीटर लांब.

आपल्याकडं १८८४चा स्फोटक कायदा आणि २००८चे स्फोटक नियम आहेत. परवाने देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. परवान्याशिवाय अशी इंजिनं करणं, आणणं, विकणं बेकायदा. ‘फटाके फोडून दारू काढली तर?’ असं गल्लीतल्या एका चुणचुणीत पोरानं विचारलं. त्याला मी बाकड्यावर बसवून सांगितलं: थुंब्याहून १९६७ मध्ये देशाचं स्वतःचं पहिलं रॉकेट उडालं, ते फक्त ७५ मिलिमीटर जाडीचं होतं. तेवढ्या नळीमागं किती शास्त्रज्ञ होते बघ. पुण्यात जन्मलेले वसंत गोवारीकर घन इंधनाचे मोठे जाणकार, पुढं विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक. त्यांनी आयुष्य त्यात घातलं. ते काम तू स्वयंपाकघरात करणार? कॉलेजात गेल्यावर रीतसर वाट आहे. इस्रो आणि इन-स्पेस या सरकारी अंतराळ संस्थांच्या पाठबळावर विद्यार्थ्यांची मॉडेल रॉकेट स्पर्धा ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात झाली.

आमचं रॉकेट नातू परत घेऊन गेला. तिथल्या मैदानावर बी६-४ घालून उडवलं. १०० मीटरवर उभं राहून कोनमापकानं बघितलं तर कोन ४५ अंशांच्या जरा वर, म्हणजे उंची १०० मीटरहून थोडी अधिक. इंजिनाशिवाय ५२ ग्रॅम भरलेल्या, नाकात एम-सील घातलेल्या रॉकेटला मी ती चांगलीच म्हणेन. सरळ गेलं, हे महत्त्वाचं.

गल्लीतल्या पोरांसाठी पाण्याचं रॉकेट आहे. थंड पेयाची बाटली, कारण ती दाब सोसायलाच केलेली असते. मिनरल वॉटरची पातळ बाटली अजिबात नको. बुचात फुटबॉलची सुई, तिला सायकलचा पंप, बाटलीत तिसरा हिस्सा पाणी. हवा दाबली की बूच सुटतं, पाणी खाली आणि बाटली वर. नुसत्या हवेला वजन कमी, म्हणून पाणी लागतं. जुन्या फायलीचे पंख, नाकात थोडं वजन, आणि दोरीची परीक्षा इथंही तीच. मोठं माणूस सोबत, तोंड बाटलीवर न वाकवता, तारांपासून लांब, मोकळ्या माळावर.

कुठल्या शाळेला करायचं असेल तर नाकं मी फिरवून देईन. मजुरी घेणार नाही, लाकूड मात्र तुम्ही आणायचं; शिवण मिळाली तर उत्तम.