तपकिरी डाग उमटला म्हणजे कॅन्सर ठरला का?

बायोप्सीच्या रिपोर्टात ‘एस-१०० पॉझिटिव्ह’ अशी ओळ दिसली की घरचे हबकतात. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर निघाला, असा सरळ अर्थ लावला जातो, आणि तो चूक आहे. आयएचसी, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, या तपासणीत मेणाच्या ब्लॉकमधल्या गाठीचा ३-४ मायक्रॉनचा पापुद्रा काचेवर घेऊन त्यावर ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी अँटिबॉडी सोडतात. ते प्रथिन असेल तिथे बहुधा तपकिरी रंग उमटतो. या रंगावरून कळतं ते पेशींचं कूळ. त्यांची चाल त्यावरून कळत नाही. एस-१०० मज्जातंतूंच्या आवरणात असतं, चरबीत असतं, साध्या तिळातही असतं. गाठ घातक आहे का, याचा कौल मुख्यतः नेहमीची गुलाबी-जांभळी स्लाइडच देते: पेशी किती खोल शिरल्या, कशा विभागतात, मूळ रचना मोडली का. की-६७ किंवा प्रेम (PRAME) यांसारखे मार्कर, म्हणजे असे रंगवून पाहायचे प्रथिन, त्यात मदत करतात, पण एकट्याच्या जिवावर निकाल देत नाहीत.

मग हा जादा खर्च कशाला, असा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. उत्तर त्वचेच्या कॅन्सरच्या उदाहरणावरून कळतं. सावळ्या कातडीला त्वचेचा कॅन्सर होतच नाही, हा समज धडगाव-अक्कलकुव्यापासून मुंबईपर्यंत सगळीकडे आहे. मेलानोमा, म्हणजे त्वचेतल्या रंगद्रव्याच्या पेशींचा कॅन्सर, भारतीयांत कमी आढळतो हे खरं. पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली होतो, आणि तिथे तो भोवरी किंवा न भरणारी जखम म्हणून खपून जातो. काही मेलानोमांत तर काळेपणाच नसतो. अशी गाठ साध्या स्लाइडवर स्क्वॅमस या त्वचेच्या दुसऱ्या कॅन्सरसारखी भासू शकते. सॉक्स-१० आणि एस-१०० उमटले, केराटिन आणि पी-४० कोरे राहिले, तर पारडं मेलानोमाकडे झुकतं आणि उपचारांची दिशा बदलते. भाजल्याच्या जुन्या व्रणावर वाढलेल्या स्क्वॅमस कॅन्सरमध्ये बहुधा याच्या उलट चित्र दिसतं. म्हणजे जे उमटलं नाही तेही उमटलेल्याइतकंच बोलकं असतं. एक गंमत अशी की मेलॅनिनही तपकिरीच. म्हणून रंगद्रव्य दाट असलेल्या गाठीत कित्येकदा तपकिरीऐवजी लाल रंग वापरतात, नाहीतर पाहणाऱ्याची फसगत होते.

‘हे सगळं मोठ्या शहरात, आमच्या नंदुरबारात काय उपयोग?’ हा आक्षेपही अर्धाच खरा आहे. जवळ सोय नसली तरी प्रवास ब्लॉकने करायचा असतो, या टप्प्यावर रुग्णाने नव्हे. मात्र निदानाची अर्धी भिस्त तुकडा ज्या खोलीत काढला तिथल्या कामावर असते. तो ताबडतोब पुरेशा १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवा, आणि साधारण ६ ते ७२ तास त्यात राहायला हवा. सोबतच्या कागदावर गाठीची जागा, वय, किती दिवसांची, हे लिहिलेलं हवं, कारण कोणते मार्कर लावायचे हे पॅथॉलॉजिस्ट त्यावरूनही ठरवतो. नीट बनवलेल्या ब्लॉकवर काही वर्षांनीही नवे मार्कर लावता येतात. सलाइनच्या बाटलीत दिवसभर पडून राहिलेल्या तुकड्यावर मात्र पहिलाच मार्कर दगा देऊ शकतो, आणि रुग्णाला पुन्हा बायोप्सीसाठी डोंगर उतरावा लागतो.