सत्तेवाचून राणीपद

ज्या राणीला राज्यकारभार करावयाचा नाही, तिने करावयाचे तरी काय? डेन्मार्कच्या दुसऱ्या मार्गरेथे यांनी या प्रश्नाचे उत्तर ५२ वर्षे आपल्या आचरणाने दिले.

जर्मन सैन्याने देश व्यापल्यावर अवघ्या आठवड्याने, १६ एप्रिल १९४० रोजी, त्यांचा जन्म झाला. कन्येलाही गादीचा वारसा मिळण्याची वाट १९५३ साली मोकळी झाली, आणि १९७२ साली पित्यामागे त्या सिंहासनावर आल्या. तेथे कायदे करते संसद. राणीकडे उरते ती स्वाक्षरी. मग अधिकाराची जागा भेटींनी भरून काढावयाची! उन्हाळ्यात ‘दानेब्रोग’ या राजनौकेतून त्या बंदरोबंदरी जात. फेरो बेटे आणि ग्रीनलंड येथील प्रजेलाही त्यांचे दर्शन घडे. केंब्रिजला त्या पुरातत्त्वविद्या शिकल्या होत्या. कोपनहेगनच्या तिवोली उद्यानातील नृत्यनाट्यांसाठी त्यांनी नेपथ्य व वेशभूषाही स्वहस्ते रेखाटल्या. कलेच्या त्या केवळ आश्रयदात्या नव्हत्या. स्वतः राबणाऱ्या कलावंत होत्या.

प्रतिवर्षी ३१ डिसेंबरच्या सायंकाळी त्या राष्ट्राशी बोलत. २०२३ च्या भाषणात त्यांनी पदत्याग जाहीर केला आणि १४ जानेवारी २०२४ रोजी राज्य पुत्र फ्रेडरिक यांच्या हाती दिले.

सत्तेवाचूनचे पद टिकते ते लोकांच्या आपुलकीवर. आणि ती आपुलकी लोकांच्या दारी जाऊनच मिळवावी लागते.