पाठशाळा आणि महापाठशाळा : सोळा ते अठरा या वयाच्या शिक्षणाचा कोलकात्यातील धडा

शालेय शिक्षण कोठे संपावे आणि महाविद्यालयीन शिक्षण कोठे सुरू व्हावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ प्रशासकीय सोयीचा वाटतो. परंतु सोळा ते अठरा या वयातील विद्यार्थ्याने काय वाचावे, कोणाकडून शिकावे आणि त्याला प्रश्न विचारण्याची मुभा किती असावी, हे सारे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. अमेरिकेत गेल्या साठ वर्षांत या प्रश्नाला ‘अर्ली कॉलेज’ नावाचे एक उत्तर देण्यात आले आहे. शाळेची शेवटची दोन वर्षे आणि पदवीची पहिली दोन वर्षे एकाच संस्थेत, एकाच अध्यापकवर्गाकडून आणि लिबरल आर्ट्सच्या अभ्यासक्रमानुसार शिकवावीत, अशी ती कल्पना आहे. लिबरल आर्ट्स म्हणजे भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, गणित आणि निसर्गविज्ञाने यांचे असे एकत्रित शिक्षण, की ज्यात एखाद्या व्यवसायाच्या तयारीपेक्षा विचार करण्याच्या, वाचण्याच्या आणि लिहिण्याच्या शिस्तीला महत्त्व असते. मॅसॅच्युसेट्स राज्यात १९६४ मध्ये एलिझाबेथ ब्लॉजेट हॉल यांनी स्थापन केलेली सायमन्स रॉक ही संस्था या कल्पनेचे आद्य उदाहरण मानली जाते. तथापि शाळा आणि महाविद्यालय एकत्र नांदवण्याचा प्रयोग कोलकात्याने तिच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधी केला होता, आणि तो का बहरला व नंतर का खुंटला, हे महाराष्ट्रातील पालक-शिक्षकांनी जाणून घेण्यासारखे आहे.

२० जानेवारी १८१७ रोजी उत्तर कोलकात्यातील गरानहाटा भागात, गोराचाँद बसाक यांच्या घरात, हिंदू कॉलेज सुरू झाले. घड्याळाच्या व्यवसायासाठी स्कॉटलंडहून आलेले आणि पुढे शिक्षणकार्यातच रमलेले डेव्हिड हेअर, राधाकांत देव, वैद्यनाथ मुखोपाध्याय आणि सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड हाइड ईस्ट यांच्या प्रयत्नांतून आणि शहरातील धनिकांच्या देणग्यांतून ती संस्था उभी राहिली. तिच्या नियमांतच पाठशाळा आणि महापाठशाळा असे दोन विभाग कल्पिलेले होते. पाठशाळेत इंग्रजी व बंगाली वाचन, लेखन, व्याकरण आणि अंकगणित शिकवायचे, तर महापाठशाळेत इतिहास, भूगोल, गणित, खगोलशास्त्र, रसायन आदी विषय, अशी ती मांडणी होती. दोन्ही विभागांच्या मध्ये कोणतीही सार्वजनिक परीक्षा उभी नव्हती. विद्यार्थी वर्गामागून वर्ग चढत जाई आणि बालपणीच्या कित्त्यापासून शेक्सपिअरपर्यंतची वाट त्याच संस्थेत चाले.

या व्यवस्थेचे सर्वांत ठळक फळ हेन्री लुई व्हिव्हियन डिरोझिओ यांच्या वर्गात दिसले. १८०९ मध्ये जन्मलेले डिरोझिओ हिंदू कॉलेजात इंग्रजी साहित्य आणि इतिहास शिकवू लागले तेव्हा ते स्वतः विशीच्याही आत होते, आणि त्यांच्यासमोर बसलेली मुले आजच्या हिशेबाने माध्यमिक शाळेच्या वयाची होती. १८२८ च्या सुमारास त्यांच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या अकॅडेमिक असोसिएशनमध्ये ही मुले स्वेच्छा आणि नियती, ईश्वराचे अस्तित्व, मूर्तिपूजा, देशप्रेम अशा विषयांवर वाद घालीत. विद्यार्थ्यांना नास्तिक बनवल्याचा आरोप १८३१ मध्ये डिरोझिओंवर झाला, तेव्हा कॉलेजच्या व्यवस्थापनातील हॉरेस हेमन विल्सन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी जो खुलासा केला, तो शिक्षणाच्या इतिहासात मोलाचा आहे. ईश्वराच्या अस्तित्वाविषयी शंका घेणारे डेव्हिड ह्यूम यांचे संवाद आपण विद्यार्थ्यांना समजावून दिले, हे त्यांनी नाकारले नाही. मात्र त्याच विद्यार्थ्यांसमोर टॉमस रीड आणि ड्युगाल्ड स्टुअर्ट यांनी ह्यूमला दिलेली उत्तरेही आपण ठेवली, असे त्यांनी सांगितले. एका प्रश्नाच्या दोन्ही बाजू पूर्ण ताकदीने मांडायच्या आणि निर्णय विद्यार्थ्याच्या बुद्धीवर सोपवायचा, ही लिबरल आर्ट्सची खरी पद्धत होय, आणि ती येथे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी वापरली जात होती.

ही पद्धत साहित्य-तत्त्वज्ञानापुरती नव्हती. याच कॉलेजात राधानाथ शिकदार यांनी जॉन टायटलर यांच्याकडे न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चा अभ्यास केला आणि १८३१ च्या अखेरीस, वयाच्या अठराव्या वर्षी, ते भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात गणक म्हणून रुजू झाले. पुढे एव्हरेस्ट हे नाव मिळालेल्या, तोपर्यंत केवळ पंधरावे शिखर म्हणून नोंदलेल्या शिखराच्या उंचीच्या गणिताशी त्यांचे नाव जोडले जाते. सार्वजनिक कार्यात पडलेले रामगोपाल घोष, अध्यापक रामतनू लाहिडी, धर्मांतर करून ख्रिस्ती धर्मोपदेशक झालेले कृष्णमोहन बंदोपाध्याय आणि बंगाली गद्याला बोलीचे वळण देणारे प्यारीचाँद मित्र हे सारे त्याच पिढीचे.

या प्रयोगाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे नोंदवल्या पाहिजेत. दारे केवळ हिंदू आणि प्रायः सधन, उच्चवर्णीय घरांतील मुलांसाठी उघडी होती. मुलींचा तर विचारच नव्हता. आणि व्यवस्थापक समितीला मुलांच्या प्रश्नांची झळ लागताच डिरोझिओंना एप्रिल १८३१ मध्ये राजीनामा द्यावा लागला; त्याच वर्षाच्या डिसेंबरात, वयाच्या बाविसाव्या वर्षी, पटकीने त्यांचा अंत झाला. कोवळ्या वयात विचारस्वातंत्र्य देणाऱ्या संस्थेला समाजाचा रोष पत्करण्याची तयारी ठेवावी लागते, आणि ती हिंदू कॉलेजच्या चालकांपाशी नव्हती, असेच म्हणावे लागते.

१८५५ मध्ये सरकारने महापाठशाळेचे प्रेसिडेन्सी कॉलेज केले आणि खालचा विभाग हिंदू स्कूल म्हणून वेगळा झाला. मुंबईतही हेच घडले : १८४० मध्ये आकाराला आलेल्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शाळा आणि कॉलेज एकत्र होते आणि १८५६ मध्ये त्यांची ताटातूट झाली. लगेच १८५७ मध्ये विद्यापीठे स्थापन झाली आणि शाळा व कॉलेज यांच्या मध्ये कोलकात्यात एंट्रन्स, तर मुंबईत मॅट्रिक या परीक्षेची भिंत उभी राहिली. त्यानंतर शाळा या परीक्षेसाठी शिकवू लागल्या, आणि कॉलेजची पहिली दोन वर्षे एफ. ए., म्हणजे पुढे ज्याला ‘इंटर’ म्हणू लागले, त्या दुसऱ्या परीक्षेच्या तयारीत जाऊ लागली.

या काळातही कोलकात्यात एक सुंदर अपवाद घडला, तो मुलींच्या शिक्षणात. १८४९ मध्ये जॉन एलियट ड्रिंकवॉटर बेथून यांनी स्थापन केलेल्या शाळेतील कादंबिनी बसू या विद्यार्थिनीने १८७८ मध्ये एंट्रन्स परीक्षा उत्तीर्ण केली. मात्र पुढे शिकण्यासाठी मुलींचे कॉलेजच शहरात नव्हते. तेव्हा तिला अन्यत्र पाठवण्याऐवजी शाळेनेच १८७९ मध्ये कॉलेजचा वर्ग उघडला, आणि प्रारंभी त्या वर्गात ती एकटीच होती. १८८३ मध्ये कादंबिनी आणि चंद्रमुखी बसू या कोलकाता विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. पुढे चंद्रमुखी त्याच बेथून कॉलेजच्या प्राचार्य झाल्या, तर कादंबिनी डॉक्टर झाल्या. योगायोग असा की, १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी याच शहरातून अमेरिकेच्या प्रवासाला निघाल्या. वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी का जावे लागते, हे त्यांनी त्याआधी जवळच्या श्रीरामपूर येथील कॉलेजात जाहीर भाषणात सांगितले होते. ज्या मुलींच्या वाट्याला पुढची पायरीच नव्हती, त्यांच्यासाठी शाळेने स्वतः कॉलेज होणे हाच एक मार्ग होता, हे बेथूनच्या उदाहरणावरून दिसते.

मधल्या दोन वर्षांचा प्रश्न सर्वांत खोलवर तपासला तो १९१७ मध्ये नेमलेल्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाने. लीड्स विद्यापीठाचे कुलगुरू मायकेल सॅडलर त्याचे अध्यक्ष होते आणि आशुतोष मुखर्जी व झियाउद्दीन अहमद हे त्याचे भारतीय सदस्य होते. १९१९ मध्ये सादर झालेल्या, अनेक खंडांच्या या अहवालाचे निदान असे होते की, इंटरच्या वर्गातील मुले खरे तर शाळेच्या वयाची आहेत. त्यांना शंभर-दीडशेच्या वर्गात बसवून व्याख्याने ऐकवणे आणि टिपणे उतरवून घ्यायला लावणे हे ना शालेय शिक्षण आहे, ना विद्यापीठीय. त्यावर आयोगाने ‘इंटरमीजिएट कॉलेज’ सुचवले. मॅट्रिकनंतरची दोन वर्षे विद्यापीठातून काढून या नव्या संस्थांकडे द्यावीत, त्या स्वतंत्र असाव्यात किंवा निवडक हायस्कुलांना जोडाव्यात, तेथे लहान गटांत आणि वैयक्तिक लक्ष देऊन शिकवावे, आणि त्यानंतर तीन वर्षांची पदवी असावी, अशी ती योजना होती.

ढाक्यात आणि संयुक्त प्रांतात १९२१ पासून या शिफारशींची अंमलबजावणी झाली. उत्तर प्रदेशात गावोगावी दिसणारी ‘इंटर कॉलेजे’ त्याच अहवालाची संतती आहेत. ज्या विद्यापीठासाठी आयोग नेमला गेला त्या कोलकात्यात मात्र योजना अंमलात आली नाही. त्याचे एक मोठे कारण पैशांचे होते. इंटरच्या गर्दीने भरलेल्या वर्गांच्या शुल्कावर खासगी कॉलेजे चालत होती, आणि ती गर्दी गेली असती तर त्यांचा डोलारा कोसळला असता. मुलांचे हित आणि संस्थेचा ताळेबंद यांची गाठ पडली की ताळेबंद जिंकतो, हा अनुभव त्यानंतरही पुष्कळदा आला आहे.

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये १०+२+३ हा आकृतिबंध सुचवला आणि सत्तरच्या दशकात राज्यांनी तो स्वीकारला, तेव्हा पश्चिम बंगालने अकरावी-बारावी मुख्यत्वे शाळांकडे सोपवली. महाराष्ट्रात १९७५ पासून जुनी अकरावीची एस. एस. सी. जाऊन दहावीची आली, आणि पुढची दोन वर्षे काही प्रमाणात माध्यमिक शाळांकडे, तर मोठ्या प्रमाणात कनिष्ठ महाविद्यालयांकडे गेली. कागदावर पाहता महाराष्ट्राने निवडलेला मार्ग हिंदू कॉलेजच्या कल्पनेच्या अधिक जवळचा होता. फर्ग्युसन, रुईया, एल्फिन्स्टन यांसारख्या नामवंत महाविद्यालयांच्या आवारात सोळा वर्षांची मुले आली; त्यांच्या अवतीभवती ग्रंथालये, प्रयोगशाळा, वादसभा आणि नामांकित प्राध्यापक होते. प्रत्यक्षात मात्र ‘ज्युनिअर’ आणि ‘सीनिअर’ यांचे संसार एकाच छपराखाली वेगळे राहिले. ज्युनिअरचे शिक्षक शालेय शिक्षण विभागाचे, सीनिअरचे उच्च शिक्षण विभागाचे. वेतनश्रेणी वेगळी, वेळापत्रक वेगळे, परीक्षा मंडळ वेगळे. शाखांच्या तीन कप्प्यांमुळे भौतिकशास्त्र घेणाऱ्याला इतिहास आणि वाणिज्य घेणाऱ्याला तत्त्वज्ञान सहसा भेटले नाही. त्यातच खासगी क्लासेसनी कनिष्ठ महाविद्यालयांशी हातमिळवणी करून प्रवेश कॉलेजात आणि शिकवणी क्लासमध्ये अशी ‘इंटिग्रेटेड’ पद्धत रूढ केल्यावर, ज्या आवारात शिकण्यासाठी प्रवेश घेतला त्या आवाराचे दर्शन अनेक मुलांना प्रात्यक्षिकांपुरतेच होऊ लागले. दोन टप्प्यांच्या एकत्रीकरणाची ही विटंबनाच होय.

न्यूयॉर्क शहरात २००१ मध्ये बार्ड कॉलेजने शहराच्या शिक्षण खात्याबरोबर सुरू केलेल्या सरकारी ‘अर्ली कॉलेज’ हायस्कुलाशी याची तुलना उद्बोधक ठरते. तेथे नववी-दहावी शाळेच्या पद्धतीने आणि अकरावी-बारावी कॉलेजच्या पद्धतीने शिकवली जाते. बारावीअखेर विद्यार्थ्याच्या हाती शाळेच्या प्रमाणपत्राबरोबर दोन वर्षांच्या कॉलेजशिक्षणाची असोसिएट पदवी पडते, आणि त्यासाठी विद्यार्थ्याला शुल्क द्यावे लागत नाही. तेथील अध्यापन लहान परिसंवाद-वर्गांतून चालते : मूळ ग्रंथ वाचून यायचे, त्यावर बोलायचे आणि मग निबंध लिहायचा. डिरोझिओंच्या वर्गाशी असलेले हे साम्य लक्षणीय आहे, फक्त येथे प्रवेशाचे दार धनिकांच्या मुलांपुरते उघडलेले नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी हा सलग टप्पा मानला, शाखांच्या भिंती सैल करण्याचे सांगितले आणि बहुविद्याशाखीय पदवीचा आग्रह धरला. पश्चिम बंगालने २०२४ पासून अकरावीला सत्रपद्धती लागू केली आहे. पण उच्च माध्यमिक परीक्षेचे एक सत्र पूर्णपणे बहुपर्यायी प्रश्नांवर घेतले जाते, हे पाहता सत्रांची विभागणी म्हणजे कॉलेजशिक्षणाची पद्धत नव्हे, हे बजावून सांगणे आवश्यक वाटते. खुणा करून उत्तरे देण्याचा सराव झालेला विद्यार्थी ह्यूम आणि रीड यांपैकी कोणाचे म्हणणे का पटते, हे चार पाने लिहून सांगू शकेल, अशी अपेक्षा करता येत नाही.

महाराष्ट्रापाशी मात्र एक गोष्ट आयती आहे, जी नव्याने उभारायला इतर राज्यांना बराच खर्च येईल : कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालये आजही अनेक ठिकाणी एकाच आवारात आहेत. अकरावीच्या मुलांना वरिष्ठ विभागाच्या ग्रंथालयाचे पूर्ण सभासदत्व देणे, विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यासाठी आठवड्यातून एक तास इतिहासाच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाकडे राखून ठेवणे, आणि वीस-पंचवीस मुलांच्या गटाने एक संपूर्ण पुस्तक वाचून त्यावर चर्चा करणे, या गोष्टींना नवा आयोग किंवा नवा कायदा लागत नाही. प्राचार्यांनी आणि संस्थाचालकांनी येत्या जूनपासून एवढे तरी सुरू करावे, आणि पालकांनी प्रवेश घेताना कट-ऑफच्या आकड्याबरोबरच कॉलेजात असा वर्ग भरतो की नाही, हेही विचारावे.