चॉकलेट आणि हृदयारोग्य : एका दाव्याची चिकित्सा

मराठी बोलण्यात 'चॉकलेट' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. वाढदिवसाला शाळेत वाटली जाणारी साखरेची गोळी, सुट्ट्या पैशांऐवजी दुकानदार हातावर ठेवतो ती टॉफी आणि ७० टक्के कोको असलेली कडवट वडी, या सर्वांना एकच नाव. त्यामुळे 'चॉकलेट हृदयाला हितकारक असते' हे विधान नेमके कोणत्या पदार्थाविषयी आहे, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. या विधानाचा शास्त्रीय आधार कोठपर्यंत पोहोचतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या दाव्याच्या मुळाशी चॉकलेट नसून कोकोच्या बियांतील फ्लॅव्हॅनॉल ही संयुगे आहेत. त्यांपैकी एपिकॅटेचिन हे रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरात नायट्रिक ऑक्साइडची उपलब्धता वाढवते. त्यायोगे वाहिन्या शिथिल होतात व रक्तदाब किंचित उतरतो. पनामाच्या सान ब्लास बेटांवरील कुना लोकांमध्ये वयाबरोबर रक्तदाब वाढत नाही, मात्र शहरात स्थलांतरित झालेल्या कुनांमध्ये तो वाढतो, असे हार्वर्डचे नॉर्मन हॉलेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखविले. बेटांवरील कोको पिण्याच्या सवयीकडे त्यानंतर संशोधकांचे लक्ष वेधले गेले. अर्थात बेट सोडणाऱ्या माणसाचा केवळ कोकोच सुटतो असे नाही. त्याचे श्रम, आहार व एकूण दिनक्रमही बदलतो. या एका उदाहरणावर फार मोठी इमारत उभारली गेली, असे म्हणणे भाग आहे.

बी आणि वडी यांच्यामध्ये कारखाना असतो, ही बाब अधिक महत्त्वाची. बिया आंबविताना व भाजताना फ्लॅव्हॅनॉल घटतात. पुढे कोकोचा कडूपणा मंदावा व रंग गडद व्हावा म्हणून त्यावर अल्कलीची प्रक्रिया केली जाते. हॉलंडच्या व्हॅन हाउटेन घराण्याशी निगडित असलेली ही पद्धत एकोणिसाव्या शतकापासून रूढ आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात नैसर्गिक कोको भुकटीत दर ग्रॅमला सरासरी ३४.६ मिलिग्रॅम, तर तीव्र अल्कली-प्रक्रिया झालेल्या भुकटीत केवळ ३.९ मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल आढळले. म्हणजे जवळजवळ नऊ-दशांश भाग नाहीसा झाला. गडद रंग हा गुणवत्तेचा पुरावा मानणाऱ्या ग्राहकाची येथे चक्क दिशाभूल होते.

या विषयावरील सर्वांत मोठी चाचणी म्हणजे अमेरिकेतील 'कॉसमॉस'. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. २१,४४२ ज्येष्ठ स्त्री-पुरुषांपैकी काहींना प्रतिदिन ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल देणाऱ्या, तर इतरांना निष्क्रिय कॅप्सूल देण्यात आल्या. त्या कॅप्सूल होत्या, चॉकलेट नव्हे. हृदयरोगाच्या एकूण घटनांत झालेली १० टक्के घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थ ठरली नाही. हृदयविकाराशी संबंधित मृत्यूंत २७ टक्के घट दिसली, परंतु तो दुय्यम निष्कर्ष होता. चाचणीस चॉकलेट उद्योगातील मार्स कंपनीचे साहाय्य होते, हेही नोंदविले पाहिजे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये किमान ४ टक्के फ्लॅव्हॅनॉल असलेल्या कोको भुकटीपुरताच आरोग्यदावा मान्य केला, तोही पुरावा अत्यंत मर्यादित असल्याचे नमूद करण्याच्या अटीवर. नेहमीची कोको भुकटी व चॉकलेट त्यातून वगळले आहे.

अध्यापकवर्गाने एक प्रकरण विशेषत्वाने लक्षात घ्यावे. २०१५ मध्ये जॉन बोहॅनन या विज्ञान पत्रकाराने 'चॉकलेटमुळे वजन लवकर घटते' असा शोधनिबंध मुद्दाम सदोष रचून शुल्क आकारणाऱ्या एका नियतकालिकात छापून आणला. प्रयोग प्रत्यक्ष झाला होता, परंतु सहभागी होते अवघे पंधरा आणि मोजमापे अठरा. इतक्या लहान नमुन्यात इतकी मोजमापे घेतली की एखादे तरी योगायोगाने 'सार्थ' ठरण्याची दाट शक्यता असते. अनेक देशांतील वृत्तपत्रांनी ती बातमी पडताळणी न करता छापली. समवीक्षणाची छाननी त्या निबंधाला मुळी लागलीच नव्हती.

व्यवहारात पाहता ७० टक्के कोकोच्या वडीतील उर्वरित भाग बहुतांशी साखरेचा असतो, आणि १०० ग्रॅममागे सुमारे ६०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. मधुमेही व्यक्तीने ती औषध म्हणून खाणे समर्थनीय नाही. आवडीने, अल्प प्रमाणात खाण्यास निरोगी व्यक्तीला अडचण नसावी. वेष्टनावरील टक्केवारीत कोको बटरही धरलेले असते, त्यामुळे त्या आकड्यावरून फ्लॅव्हॅनॉलचे प्रमाण कळत नाही. घटकांच्या यादीत अल्कली-प्रक्रियेचा उल्लेख आहे का, एवढे मात्र वाचकाला स्वतः पाहता येते.