नोकरी सांभाळून आयईएलटीएस

तिशी ओलांडलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या माणसाने आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायचे ठरवले की तो आधी क्लास शोधायला निघतो. माझे म्हणणे असे की क्लास नंतर बघावा. आधी एखाद्या साप्ताहिक सुट्टीला घरात दार लावून, घड्याळ समोर ठेवून एक पूर्ण सराव परीक्षा द्यावी. केंब्रिजची सराव प्रश्नपत्रिकांची पुस्तके पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळतात आणि त्यांच्या शेवटी उत्तरेही असतात. आपण नेमके कुठे कमी पडतो हे त्या तीन तासांत कळते. ते कळल्याशिवाय भरलेली फी बहुतेक वेळा आपल्याला आधीच येत असलेल्या गोष्टी पुन्हा शिकण्यात जाते.

परीक्षेचे चार भाग आहेत. ऐकण्याला सुमारे अर्धा तास आणि ४० प्रश्न, वाचनाला एक तास आणि ४० प्रश्न, लेखनाला एक तास आणि दोन मजकूर, आणि शेवटी परीक्षकाशी ११ ते १४ मिनिटे बोलणे. प्रत्येक भागाला ० ते ९ मध्ये बँड मिळतो, अर्ध्या अर्ध्या टप्प्याने. चारही बँडची सरासरी काढून ती जवळच्या अर्ध्या बँडला नेतात, आणि ती बरोबर पावावर आली तर वरच्या अर्ध्याला. समजा ऐकण्यात ७, वाचनात ६.५, लेखनात ५.५ आणि बोलण्यात ६ मिळाले. सरासरी ६.२५ येते आणि निकालावर ६.५ छापून येते. पेढे वाटावेत असा हा आकडा. पण बहुतेक विद्यापीठे आणि व्यावसायिक परिषदा एकूण बँडवर थांबत नाहीत, प्रत्येक भागात किमान किती हवेत हेही सांगतात. प्रत्येक भागात किमान ६ ची अट असेल तर वरचा ६.५ काही कामाचा नाही, कारण लेखन ५.५ वर अडकले आहे. म्हणून सगळी तयारी सर्वात कमी गुणांच्या भागापासून सुरू करायची. आवडत्या भागाचा सराव मनाला बरा वाटतो, पण अट त्याने पुरी होत नाही.

कोणती परीक्षा द्यायची, हेही आधीच नक्की करावे. शिक्षणासाठी जाणाऱ्याला सहसा आयईएलटीएसचा ॲकॅडमिक प्रकार लागतो, तर कॅनडात स्थायिक होण्याच्या अर्जाला जनरल ट्रेनिंग. ब्रिटनच्या काही व्हिसांसाठी यूकेव्हीआय नावाची वेगळी नोंदणी करावी लागते. नर्सिंग झालेल्यांना ओईटी या इंग्रजीच्याच दुसऱ्या परीक्षेचा पर्याय आहे आणि दौंड-शिरूरच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या मुलींनी त्याचा जरूर विचार करावा. त्यात रुग्णाशी बोलण्याचे दोन प्रसंग वठवायचे असतात आणि रुग्णाला पुढे पाठवताना लिहितात तसे पत्र लिहायचे असते. रोज जे काम हाताखालून जाते तेच परीक्षेत येते. ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेने आयईएलटीएससाठी लेखनात ६.५ आणि बाकी तिन्हींत ७ असा निकष ठेवलेला आहे, ओईटीसाठी लेखनात सी प्लस आणि बाकी तिन्हींत बी. दोन्ही परीक्षांची एकेक प्रश्नपत्रिका सोडवून मगच फी भरावी.

आता खरा प्रश्न: मराठी माध्यमवाला नेमका अडतो कुठे? महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. त्याआधी शाळेत गेलेल्यांनी एबीसीडी गिरवली ती पाचवीत. शिकवण्याची पद्धत धड्याचे मराठीत भाषांतर करण्याची होती. त्यामुळे या पिढीचे वाचन बरे असते, व्याकरणाचे नियमही पाठ असतात. कान मात्र तयार झालेला नसतो, कारण वर्गात इंग्रजी ऐकायला मिळायचेच नाही. चीनमध्ये प्रौढपणी इंग्रजी शिकणाऱ्यांसमोर वेगळा डोंगर असतो. त्यांच्या भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, म्हणून काळ हीच त्यांची मोठी कसरत. मराठी माणसाला काळ नवा नाही, त्याचे अडणे दुसरीकडे आहे. बाजारातली बरीचशी मार्गदर्शके साऱ्या जगासाठी एकच औषध देतात. आपल्याला कुठे दुखते ते आपणच ओळखले पाहिजे.

ऐकण्यापासून सुरुवात करू. ध्वनिमुद्रण एकदाच वाजते, पुन्हा नाही. पहिल्या भागात बहुधा कुणीतरी फोनवर नाव, पत्ता, नंबर, तारीख सांगत असते आणि आपण रकाने भरायचे असतात. इथे माणसे हरतात ती आकड्यांवर. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतला फरक इंग्रज माणूस जोर कुठे देतो त्यावरून ओळखतो: पहिल्यात शेवटचा ‘टीन’ लांब आणि जोरदार, दुसऱ्यात सुरुवातीच्या ‘फिफ्’वर जोर आणि ‘टी’ उडता. मराठीत अशा जोराने शब्द बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्षच देत नाही. टेलिफोन नंबरात ‘डबल सेव्हन’ येतो, शून्याला ‘ओ’ म्हणतात. दौंड जंक्शनवर गाडीची वाट पाहणाऱ्याला फुकटचा सराव आहे: उद्घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होते आणि इंग्रजीत गाडीचा क्रमांक एकेक आकड्याने उच्चारतात. मराठी उद्घोषणेकडे कान न देता इंग्रजी ऐकून क्रमांक आणि फलाट वहीत लिहावा, मग फलकाशी ताडून बघावा. ते इंग्रजी भारतीय वळणाचे असते, म्हणून त्यावर भागणार नाही. पण ऐकता ऐकता लिहिण्याची सवय त्यातून लागते, आणि परीक्षेत निम्मे काम त्या सवयीचे आहे.

पुढची पायरी पाळीच्या बसमध्ये. शिरूरहून रांजणगावच्या कंपनीत जाताना-येताना कानात इअरफोन घालून एकच चार मिनिटांचा संवाद ऐकावा. पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा थांबवत थांबवत, तिसऱ्यांदा लिखित मजकूर समोर ठेवून. न कळलेले शब्द तेव्हा दिसतात, आणि बहुतेक वेळा ते आपल्याला माहीत असलेलेच असतात, फक्त जोडून उच्चारलेले. तासभर बातम्या लावून ठेवण्यापेक्षा ही चार मिनिटे जास्त देतात. उत्तर लिहिताना स्पेलिंग चुकले की गुण गेला, मग ऐकले कितीही बरोबर असो. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ असे लिहिले असेल तिथे तीन लिहिले तरी तेच. उलट, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही जागा रिकामी सोडू नये. ४० पैकी २३ च्या आसपास बरोबर आली की बँड ६ आणि ३० च्या आसपास आली की ७ मिळतो. जनरल ट्रेनिंगच्या वाचनात मात्र ३० बरोबर आली तरी साधारण ६ च, ७ साठी ३४ लागतात, कारण तिथले उतारे सोपे असतात.

वाचनात मराठी माध्यमवाल्याला फारसे भय नाही, एका प्रकाराचे सोडून. विधान बरोबर, चूक, की ‘उताऱ्यात दिलेले नाही’, असे तीन पर्याय असतात. शाळेत आपण ‘चूक की बरोबर’ एवढेच सोडवले. समजा उताऱ्यात लिहिले आहे की साखर कारखान्याचे गाळप नोव्हेंबरात सुरू झाले, आणि विधान आहे की गाळप गेल्या वर्षीपेक्षा उशिरा सुरू झाले. ऊस पट्ट्यातल्या माणसाला गेल्या वर्षीची तारीख तोंडपाठ असते आणि तो ‘बरोबर’ लिहून मोकळा होतो. उताऱ्यात गेल्या वर्षाचा शब्दही नाही, म्हणून उत्तर ‘दिलेले नाही’. आपले ज्ञान दाराबाहेर ठेवून उतारा वाचायचा.

बोलण्याची भीती सर्वात मोठी आणि तिथेच सर्वात जास्त गैरसमज. परीक्षक चार गोष्टी सारख्या वजनाने मोजतो: बोलण्याचा ओघ, शब्दसंग्रह, व्याकरण आणि उच्चार. गोऱ्यांसारखे बोलणे त्यात कुठेही नाही. मराठी वळणाचा उच्चार चालतो, तो समजला पाहिजे एवढेच. म्हणून उसने वळण आणण्यात वेळ घालवू नये, पण जिथे अर्थच बदलतो अशा दोन-तीन जागा पक्क्या कराव्यात. मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाकडे आपण सैलपणे बघतो. इंग्रजीत ‘आय लिव्ह इन शिरूर’मधला ‘लिव्ह’ ओढला की तो ‘लीव्ह’ होतो: राहतो म्हणणारा माणूस सोडून निघालेला ऐकू येतो. दुसरी जागा ‘व’ची. इंग्रजीत दोन वेगळे ‘व’ आहेत. एकाला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘व्हेरी’मध्ये जसे. दुसऱ्याला दात कुठेच लागत नाहीत, ओठ शीळ घालताना होतात तसे गोल होतात, ‘वर्क’मध्ये. आरशासमोर पाच मिनिटे रोज, आठवडाभर, एवढ्यात हे बसते.

ओघाचे काय करायचे? मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ. मनात मराठी वाक्य पूर्ण रचून मग उलथवू लागलो की मध्ये लांब शांतता पडते आणि ओघाचे गुण तिथेच गळतात. उपाय एकच: वाक्ये छोटी, आणि विषय आपल्या रोजच्या कामाचा. पहिल्या भागात नोकरी, घर, गाव हेच विचारतात. ‘मी इथे पाच वर्षांपासून काम करतोय’ हे वाक्य प्रत्येकाला लागणार, आणि प्रत्येकजण ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ म्हणणार. बरोबर रूप ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. हे एक वाक्य जिभेवर बसले तर पहिल्या दोन मिनिटांतली मोठी चूक टळते. दुसऱ्या भागात एक कार्ड मिळते, विचाराला एक मिनिट आणि मग दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचे. एखाद्या भेट दिलेल्या ठिकाणावर बोलायचे आले आणि रांजणगावचा गणपती निवडला, तर परीक्षकाला अष्टविनायक ठाऊक आहेत असे धरून चालू नये. आपण कुणाबरोबर गेलो, रांगेत किती वेळ गेला, बाहेर काय खाल्ले, हे क्रमाने सांगितले की दोन मिनिटे सहज भरतात. मोबाइलवर रेकॉर्ड करून स्वतःचे ऐकावे. पाठ केलेली उत्तरे परीक्षकाला ओळखू येतात, आणि त्याने प्रश्न जरा फिरवला की पाठांतरवाला तिथेच अडकतो.

मोठ्या वयात इंग्रजी शिकण्याचे एक मोठे उदाहरण दौंड तालुक्यातच आहे. केडगावचे मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई संस्कृत पंडिता म्हणून गाजल्या तेव्हा त्यांना इंग्रजी जवळजवळ नव्हते. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली ती मराठीत. १८८३ मध्ये, पंचविशीत, त्या इंग्लंडला गेल्या. आधी वाँटेजला, मग चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात राहिल्या, शिकल्या आणि तिथे संस्कृत शिकवलेही. १८८६ मध्ये अमेरिकेत जाऊन त्यांनी इंग्रजीत व्याख्याने दिली आणि १८८७ मध्ये ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध केले. चार वर्षांत हे झाले, कारण सभेपुढे उभे राहून मुद्दा मांडणे त्यांना लहानपणापासून येत होते, भाषा तेवढी नवी होती. मोठ्या वयात शिकणाऱ्याकडे हीच शिदोरी असते. बारा वर्षे मशीनवर काम केलेल्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते, आणि विसाव्या वर्षीच्या मुलाकडे ते नसते. लेखनात याचा फार उपयोग होतो.

कारण लेखनाच्या दुसऱ्या प्रश्नात किमान २५० शब्दांत एखाद्या मुद्द्यावर मत मांडायचे असते आणि त्याचे वजन पहिल्या प्रश्नाच्या दुप्पट असते. पहिला १५० शब्दांचा, ॲकॅडमिकला तक्ता किंवा आलेख, जनरलला पत्र. बरेच जण पहिल्यावर अर्धा तास घालवतात आणि दुप्पट गुणांचा निबंध अपुरा ठेवून उठतात. वीस आणि चाळीस मिनिटे ही वाटणी मोडू नये. निबंधात भारी शब्दांची रास नको. विचारलेल्या प्रश्नाचे सरळ उत्तर, प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा, आणि त्याला आपल्या पाहण्यातले उदाहरण. गावातून शहराकडे होणाऱ्या स्थलांतरावर प्रश्न आला तर शिक्रापूर-रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींनी आसपासच्या गावांचे काय केले हे तुम्ही रोज पाहता. तेच लिहा.

मराठीत नसलेली ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे मात्र लेखनात पाठ सोडत नाहीत. एक कामचलाऊ नियम: गोष्ट वाचकाला पहिल्यांदा सांगताना ‘अ’, तीच पुन्हा आली की ‘द’. कंपनीने अ न्यू मशीन घेतले, आठवड्यात द मशीन बिघडले. निबंध लिहून झाल्यावर शेवटच्या तीन मिनिटांत फक्त नामे शोधत जावे आणि प्रत्येकाच्या आधी काय आहे ते बघावे. ‘त्याबद्दल चर्चा केली’ म्हणून आपण ‘डिस्कस अबाउट’ लिहितो, ‘त्याने मला सांगितले’ म्हणून ‘टोल्ड टू मी’. दोन्हीकडे मधला शब्द काढून टाकायचा. अशा आपल्या दहा चुकांची यादी वहीच्या पहिल्या पानावर ठेवावी आणि दर निबंधानंतर तीच तपासावी. निबंध दुसऱ्याकडून तपासून घ्यायलाच हवा, क्लासचा खर्च करायचा तो इथे. आणि आता बहुतेक जण ही परीक्षा संगणकावर देतात, त्यामुळे टायपिंग येत नसेल तर त्याला पहिल्या महिन्यापासून रोज पंधरा मिनिटे द्यावीत.

केंद्र पुण्यात असते. शिरूरहून येणाऱ्याने वाघोलीची कोंडी गृहीत धरावी, दौंडकराने लोकलचा उशीर, आणि जमल्यास आदल्या रात्रीच नातेवाइकांकडे मुक्कामाला जावे. ओळखपत्र म्हणून मूळ पासपोर्टच चालतो, आधार नाही. म्हणून पासपोर्ट हातात आल्यावरच तारीख घ्यावी. आदल्या दिवशी रात्रपाळी नको, सुट्टीचा अर्ज महिनाभर आधी द्यावा. निकाल दोन वर्षे धरला जातो. तेव्हा अर्ज कधी करणार हे ठरवून मगच परीक्षा द्यावी. संगणकावर दिलेल्या परीक्षेत एकच भाग कमी पडला असेल तर तेवढाच भाग ६० दिवसांच्या आत पुन्हा देता येतो, पण तुमचे विद्यापीठ किंवा परिषद तो निकाल स्वीकारते का, हे त्यांना लिहून आधी विचारून घ्यावे.