‘किती शिट्ट्या?’ हा प्रश्नच चुकीचा

गेल्या नाताळात नाशिकला शरणपूर रोडवर मैत्रिणीकडे रोस्टचा बेत होता. बड्याचा, म्हणजे म्हशीच्या मांसाचा, किलोभराचा अखंड तुकडा आणि सोबत बटाटे, गाजर, कांदे. सगळं एकदम कुकरमध्ये घालून गॅस मोठा ठेवला आणि भराभर दहा शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर बटाट्याचा लगदा झालेला, गाजर चमच्याने उचलता येईना आणि मांस सुरीला दाद देईना. लगेच सल्ला आला, “अजून चार शिट्ट्या द्यायला हव्या होत्या.”

हा सल्ला ऐकून ऐकून कान किटले आहेत. मटण असो, राजमा असो, पहिला प्रश्न तोच: किती शिट्ट्या?

शिट्टी म्हणजे शिजल्याची पावती नव्हे. आतला दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की झाकणावरचं वजन उचललं जातं आणि जादा वाफ बाहेर पडते, एवढाच तिचा अर्थ. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब वाढतो आणि तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जातं. त्यापुढे गॅस कितीही मोठा करा, तापमान वाढत नाही. वाढतात त्या फक्त शिट्ट्या, आणि आतलं पाणी आटतं. मोठ्या आचेवर दहा शिट्ट्या थोड्याच वेळात होतात. मंद आचेवर अर्ध्या तासात दोनच होतील. मांस जास्त शिजलेलं असेल ते दुसऱ्या कुकरात.

कारण मांस मऊ होतं ते वेळेमुळे. मांडी-खांद्याच्या मांसात चिवट कोलॅजन असतं. ओलसर उष्णतेत ते हळूहळू विरघळून जिलेटिन होतं आणि मगच मांसाचे धागे सुटतात. शिवाय उष्णता तुकड्याच्या गाभ्यापर्यंत पोचायला हवी. जाडी दुप्पट झाली की त्याला वेळ सुमारे चौपट लागतो. म्हणून रश्शाच्या मटणाचा हिशेब अखंड रोस्टला लावूच नये. देनी पापाँ याने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कुकरचा पूर्वज दाखवला. १६८२ मध्ये त्यात शिजवलेल्या जेवणात हाडंसुद्धा मऊ झाल्याची नोंद जॉन एव्हलिनच्या रोजनिशीत आहे. त्या जेवणात शिट्ट्या कुणी मोजल्या नव्हत्या.

मग करायचं काय? पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि घड्याळ पाहा. किलोभराच्या जाड तुकड्याला ४५ ते ५० मिनिटं द्या. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या. मग मोठे चिरलेले बटाटे-गाजर घाला, पुन्हा झाकण लावा आणि प्रेशर धरल्यावर चार-पाच मिनिटांत उतरवा.

आता बाकीचे गैरसमज.

“आधी परतलं की रस आत कोंडला जातो.” नाही. १८४७ च्या सुमारास युस्टुस फॉन लीबिग यांनी मांडलेली ही कल्पना चुकीची ठरली आहे. तरीही परता, पण रंगासाठी आणि चवीसाठी.

“कुकरमध्ये जीवनसत्त्वं मरतात.” क जीवनसत्त्व कुठल्याही उष्णतेत घटतं. भाज्यांना कुकरमध्ये वेळ आणि पाणी दोन्ही कमी लागतं, म्हणून पातेल्यात उकळण्यापेक्षा नुकसान बहुधा कमीच होतं. उरलेलं पाणी मात्र ओतून देऊ नका.

“लाल पाणी म्हणजे रक्त.” ते मायोग्लोबिन, स्नायूंमधलं प्रथिन.

“महाराष्ट्रात बड्याचं मांस बेकायदा आहे.” गाईच्या कत्तलीवरची बंदी १९७६ च्या कायद्यातली. २०१५ मध्ये तीत बैल आणि वळूही आले. म्हैस त्या बंदीत नाही.

पुढच्या वेळी कुणी “किती शिट्ट्या?” असं विचारलं, तर आकडा सांगू नका. आच किती ठेवायची आणि मिनिटं किती द्यायची, ते सांगा.